काचेच्या हंडीतला काकाकुवा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत एका कपाटाच्या वरच्या फळीवर निर्वात पंप आणि त्याची काचेची हंडी ठेवलेली असे. वर्षातून एकदाच ती खाली उतरे. हंडीत विजेची घंटा टांगायची, पंपाचा दांडा हलवायचा आणि हवा कमी होत गेली की आवाजही कमी होतो हे मुलांनी ऐकायचे, असा तो प्रयोग. वॉशर झिजलेले, ग्रीस वाळलेले. त्यामुळे घंटा काही पुरती मुकी होत नसे. सर म्हणत, "झाला ना कमी?" आणि आम्ही सगळे एका सुरात "हो" म्हणत असू. दुसरा प्रयोग मात्र हमखास यशस्वी होई. तोंड बांधलेला, सुरकुतलेला फुगा हंडीत ठेवायचा. बाहेरची हवा काढली की तो आपोआप टम्म फुगे.

एकदा मागच्या बाकावरून कोणीतरी विचारले, "सर, आत उंदीर ठेवला तर?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी कॉक उघडला, हवा सूं करीत आत गेली, फुगा पुन्हा सुरकुतला. मग ते म्हणाले, "तो प्रयोग तीनशे वर्षांपूर्वी करून झालाय. उत्तर ठाऊक आहे. पुन्हा करायचं कारण नाही."

बऱ्याच वर्षांनी लंडनच्या नॅशनल गॅलरीत एका मोठ्या चित्रासमोर आम्ही उभे राहिलो, तेव्हा ती हंडी आणि ते उत्तर एकदम आठवले. चित्र सुमारे १८३ सेंटिमीटर उंच आणि २४४ सेंटिमीटर रुंद आहे. म्हणजे त्यातली माणसे जवळजवळ आपल्याएवढी. अंधारी खोली, मधे टेबल, टेबलावर हवा-पंप आणि वर काचेचा गोल. गोलात एक पांढरा काकाकुवा तळाशी कोसळलेला, एक पंख उघडा. पाठीमागे लांब करड्या केसांचा, लाल झगा घातलेला व्याख्याता. त्याचा एक हात गोलाच्या वरच्या झडपेवर आहे. झडप फिरवली की हवा आत जाईल आणि पक्षी वाचेल. नाही फिरवली तर मरेल. आणि तो पक्ष्याकडे पाहतच नाही. तो सरळ आपल्याकडे, चित्र पाहणाऱ्याकडे बघतो आहे.

या चित्राचे नाव 'हवा-पंपातील पक्ष्यावर प्रयोग'. साल १७६८. चित्रकार जोसेफ राइट. इंग्लंडमधल्या डर्बी या गावात जन्मला, तिथेच बहुतेक आयुष्य घालवले आणि तिथेच मरण पावला, म्हणून त्याला 'डर्बीचा राइट' म्हणतात. विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत आणि विज्ञानाच्या इतिहासावरील ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर त्याची चित्रे वारंवार दिसतात, पण माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. आज आपण त्याचीच ओळख करून घेऊ.

राइटचा जन्म ३ सप्टेंबर १७३४ चा. वडील वकील होते. मुलगा लहानपणी गावातल्या कारागिरांच्या दुकानांत रेंगाळे आणि तिथे पाहिलेल्या वस्तू घरी येऊन स्वतः बनवून बघे. त्याने एक लहानसा चालता चरखाही केला होता, अशी आठवण त्याच्या घराण्यात सांगितली जाई. सतराव्या वर्षी वडिलांनी त्याला लंडनला टॉमस हडसन या चित्रकाराकडे शिकायला पाठवले. हडसन हा त्या काळातला नावाजलेला व्यक्तिचित्रकार. श्रीमंतांचे चेहरे, रेशमी कपडे, हातांची ठेवण हे सगळे ठरलेल्या साच्यात झटपट कसे उतरवायचे, हे त्याच्याकडे शिकायला मिळे. (जोशुआ रेनॉल्ड्स हाही हडसनचाच शिष्य.) राइट १७५१ ते १७५३ आणि पुन्हा १७५६-५७ असा दोनदा तिथे राहिला आणि गावी परतला.

त्याचा चरितार्थ पुढे जन्मभर व्यक्तिचित्रांवरच चालला, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. छायाचित्रण नव्हते. लग्न झाले, मूल झाले, व्यापारात पैसा मिळाला, की चित्रकाराला बोलावणे जाई. राइटची हिशोबाची वही आजही लंडनच्या राष्ट्रीय व्यक्तिचित्र संग्रहालयात जपलेली आहे. तिच्यात गिऱ्हाइकांची नावे आणि रकमा आहेत. वैज्ञानिक विषयांची जी चित्रे आपल्याला आवडतात, ती या वहीच्या हिशोबात एका बाजूला पडतात. पोट चेहऱ्यांवर भरायचे आणि हौस मेणबत्तीच्या उजेडात भागवायची, असा त्याचा संसार होता.

मेणबत्तीच्या उजेडाचे वेड त्याला तिशीच्या आसपास लागले. खोलीत एकच दिवा, बाकी काळोख, आणि त्या दिव्याभोवती चेहरे. खोलीचा एक भाग पडद्यांनी अंधारा करून तो तिथे दिवा आणि माणसे बसवी, आणि स्वतः पडद्याच्या फटीतून बघत अलीकडे उजेडात बसून रंगवी, असे सांगतात. एका अर्थी हा प्रकाशाचा प्रयोगच होता. चेहरा दिव्यापासून दुप्पट अंतरावर नेला की त्यावर पडणारा प्रकाश एक चतुर्थांश होतो, हे आपण वर्गात सूत्राने सांगतो. राइटच्या चित्रांत ते डोळ्यांना दिसते.

१७६६ साली त्याने या पद्धतीचे पहिले मोठे वैज्ञानिक चित्र प्रदर्शनात मांडले. त्याचे नाव लांबलचक आहे : 'सूर्याच्या जागी दिवा ठेवून ऑररीवर व्याख्यान देणारा तत्त्वज्ञ'. ऑररी म्हणजे ग्रहमालेची फिरती प्रतिकृती. दातेरी चाके आणि एक हँडल. हँडल फिरवले की ग्रह आणि त्यांचे चंद्र आपापल्या प्रमाणात फिरू लागतात. १७१३ च्या सुमारास ऑररीच्या अर्लसाठी असे एक यंत्र बनवले गेले, आणि ज्याने पैसे दिले त्याचे नाव यंत्राला चिकटले. बनवणाऱ्या घड्याळजींची नावे मागे राहिली. (हे काही नवीन नाही.) राइटच्या चित्रातल्या यंत्रात शनीपर्यंतचेच ग्रह असायचे, कारण युरेनसचा शोध हर्शेलने १७८१ मध्ये लावला.

ग्रहणे दाखवायची तेव्हा मधला पितळी सूर्य काढून तिथे दिवा ठेवीत. नेमका तोच क्षण राइटने निवडला. दिवा आपल्याला दिसत नाही. एक मुलगा आपल्याकडे पाठ करून त्याच्या आड उभा आहे. दिसतात ते फक्त उजळलेले चेहरे : दोन लहान मुले, एक तरुणी, टिपणे घेणारा एक माणूस. नीट पाहिले तर कुणाचा चेहरा पूर्ण उजळलेला, कुणाचा अर्धा, कुणाची नुसती कड. चंद्राच्या कला शिकवण्यासाठी याहून चांगले साधन आम्हांला ठाऊक नाही. शिक्षकांनी करून पाहावे : संध्याकाळी खोलीत काळोख करून टेबलावर एक कंदील ठेवावा, मुलांना गोलाकार उभे करावे, आणि एकाच जागेवरून प्रत्येकाच्या चेहऱ्याचा किती भाग उजळलेला दिसतो ते काढायला सांगावे. अमावास्येचा चंद्र कुठे असतो हे मग वेगळे सांगावे लागत नाही. कंदिलाच्या आणि आपल्या मधे उभा असलेला मुलगाच ते सांगतो.

हे चित्र अर्ल फेरर्स या सरदाराने २१० पौंडांना घेतले. तो स्वतः हौशी खगोलनिरीक्षक होता. आज ते डर्बीच्या संग्रहालयात आहे.

ऑररीवरच्या अशा व्याख्यानांचा त्या काळी इंग्लंडमध्ये मोठा धंदा होता. व्याख्याते पेटाऱ्यात यंत्रे घालून गावोगाव हिंडत. वर्गणी भरून लोक येत आणि त्यांत स्त्रिया आणि मुलेही असत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे स्कॉटलंडचा जेम्स फर्ग्युसन. गरीब घरातला, लहानपणी मेंढ्या राखणारा, शाळेत फारसा न गेलेला हा मुलगा रात्री कुरणात पडून ताऱ्यांची अंतरे दोऱ्यात मणी ओवून मोजी. पुढे त्याने बरीच वर्षे पोट कशावर भरले असेल? लोकांची लहान लहान व्यक्तिचित्रे काढून! १७६२ मध्ये त्याची व्याख्याने डर्बीत झाली, आणि राइटने ती ऐकली असावीत असे अभ्यासक मानतात. व्यक्तिचित्रांवर जगणारा खगोलतज्ज्ञ आणि खगोलशास्त्राची चित्रे काढणारा व्यक्तिचित्रकार एका खोलीत बसले आहेत, ही कल्पनाच आम्हांला फार आवडते.

आता पुन्हा त्या काकाकुव्याकडे येऊ.

हवा-पंप १७६८ मध्ये नवा राहिला नव्हता. जर्मनीत ऑटो फॉन गेरिकेने सतराव्या शतकाच्या मध्यास पहिला पंप केला. इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलसाठी रॉबर्ट हूकने १६५९ मध्ये सुधारलेला पंप तयार केला, आणि १६६० मध्ये बॉइलने त्यावरील प्रयोगांचे पुस्तक छापले. चंडोल, चिमणी, उंदीर हे सगळे त्या हंडीत जाऊन आले होते. त्या पुस्तकातली एक हकीकत वाचण्यासारखी आहे. एक पक्षी हंडीत तडफडू लागला तेव्हा तिथे आलेल्या काही स्त्रियांना दया आली. त्यांच्या आग्रहामुळे बॉइलला घाईने हवा आत सोडावी लागली आणि पक्षी सावरला. पुढच्या खेपेस असा व्यत्यय नको म्हणून बॉइलने तो प्रयोग रात्री केला. राइटच्या चित्रातही रात्रच आहे. खिडकीत ढगांआड पौर्णिमेचा चंद्र दिसतो.

जुना पंप ओढणे म्हणजे कष्टाचे काम. दट्ट्याचा व्यास ५ सेंटिमीटर धरला तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर होते, आणि वातावरणाचा दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम. म्हणजे दुसऱ्या बाजूला निर्वात झाले की दट्ट्यावर २० किलो वजन टांगल्यासारखे होते. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस हॉक्सबीने दोन नळकांड्यांचा पंप प्रचारात आणला. एकाच दातेरी चाकावर दोन दट्टे. एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो आणि वातावरणाचा भार एकमेकांना तोलतो. मग हात फक्त घर्षणाशी झुंजतो. राइटने हाच पंप रंगवला आहे.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक गंमत. नळकांड्याचे आकारमान हंडीच्या एक दशांश असेल, तर दट्ट्याच्या प्रत्येक फेरीनंतर हंडीत आधीच्या हवेचा १०/११ भाग उरतो. दहा फेऱ्यांनंतर सुमारे ३९ टक्के, वीस फेऱ्यांनंतर सुमारे १५ टक्के. शून्य कधीच होत नाही. एव्हरेस्टच्या शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. म्हणजे दहा-बारा फेऱ्यांत तो पक्षी समुद्रसपाटीवरून हिमालयाच्या माथ्यावर पोहोचतो, तोही मिनिटभरात. आमच्या शाळेतली घंटा का वाजत राहिली तेही यावरून कळेल, वॉशर झिजलेले नसते तरीसुद्धा.

पक्षी का मरतो? हवा नाही म्हणून, एवढेच १७६८ मध्ये सांगता येत होते. हवेतल्या नेमक्या कोणत्या घटकावाचून तो मरतो हे माहीत नव्हते. उंदराने 'बिघडवलेली' हवा पुदिन्याच्या रोपाने सुधारते हे प्रीस्टलीने १७७१ मध्ये पाहिले, ऑक्सिजन १७७४ मध्ये वेगळा केला, आणि लव्हाझिएने त्याचा अर्थ नंतर लावला. म्हणजे चित्रातला व्याख्याता जे दाखवतो आहे त्याचे पूर्ण स्पष्टीकरण त्याच्याजवळ नाही. ते समोरच्यांनाही ठाऊक नाही. आपण वर्गात असे प्रयोग किती वेळा करतो!

एक गोष्ट मात्र फर्ग्युसनला पुरती ठाऊक होती. आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकात त्याने स्पष्ट लिहिले की जिवंत प्राणी हंडीत घालण्याचा प्रयोग थोडीशी माणुसकी असलेल्या कोणत्याही प्रेक्षकाला असह्य होईल. त्यासाठी त्याने दुसरे साधन सुचवले. काचेच्या भांड्यात एक छोटी पिशवी बांधायची आणि हवा काढता-सोडताना फुप्फुसांचे काय होते ते तिच्यावर दाखवायचे. आमच्या सरांचा फुगा तो हाच. चित्र काढण्याच्या काही वर्षे आधीच हा पर्याय छापून आला होता. काकाकुवा हंडीत घालणारा व्याख्याता त्या काळातही झाला नसता. तो दूर देशाहून आणलेला, फार महाग पक्षी. कच्च्या आराखड्यात राइटने साधा पक्षी काढला होता, असे दिसते. मग तो बदलला. पांढरा पक्षी काळोखात उठून दिसतो, हे एक कारण. पण साधी चिमणी असती तर प्रेक्षक कदाचित पुढे सरकला असता, असेही आम्हांला वाटते. घरात पाळलेला, ओळखीचा जीव आत घातला की कोणालाच सरकता येत नाही.

चित्रात दहा माणसे आहेत आणि त्यांचे चेहरे एकमेकांशी जुळत नाहीत. दोन मुली आहेत. मोठीने हाताने डोळे झाकले आहेत. धाकटी वर पक्ष्याकडे बघते आहे. एक पुरुष मोठीच्या खांद्यावर हात ठेवून, बोट दाखवून तिला काही समजावतो आहे. डावीकडे एक तरुण जोडपे फक्त एकमेकांकडे पाहण्यात गुंग. एक माणूस घड्याळ हातात धरून वेळ मोजतो आहे. प्रयोग म्हटला की असा एक असतोच. एक लहान मुलगा टक लावून बघतो आहे. उजवीकडे काठीवर हनुवटी टेकून बसलेला वृद्ध विचारात बुडाला आहे. आणि मागे, खिडकीपाशी, एक मुलगा दोरीने पिंजरा वरखाली करतो आहे.

हे चित्र शोधाचे नाही, शिकवण्याचे आहे. शंभर वर्षे जुनी गोष्ट कुणीतरी घरी आलेल्या मंडळींना दाखवतो आहे. म्हणून वैज्ञानिकांपेक्षा शिक्षकांनी त्यापुढे जास्त वेळ उभे राहावे. अकरावी-बारावीत आम्ही बेडूक कापले. कापून काय समजले, हे आज प्रामाणिकपणे सांगायचे तर फारच थोडे. हातांना आलेला वास मात्र आठवतो. आमच्या शेजारची एक मुलगी डोळे झाकून उभी होती, आणि तिच्या जर्नलमध्ये 'निरीक्षण अपूर्ण' असा शेरा पडला. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातले विच्छेदन थांबवण्याचे निर्देश दिले तेव्हा त्या शेऱ्याची आठवण झाली.

चित्र एका डॉक्टरने घेतले. पुढच्याच वर्षी व्हॅलेंटाइन ग्रीनने त्याचे मेझोटिंट पद्धतीचे छाप काढले आणि ते मूळ चित्रापेक्षा कितीतरी दूरवर पोहोचले. १८६३ पासून मूळ चित्र नॅशनल गॅलरीत आहे.

त्या सुमारास राइट लिव्हरपूलला गेला आणि १७७१ पर्यंत बराचसा तिथेच राहिला. गिऱ्हाइके भरपूर होती. लिव्हरपूलचे बंदर तेव्हा गुलामांच्या व्यापारावर गबर झाले होते आणि राइटसमोर बसणाऱ्यांत त्या व्यापारात पैसा घातलेले लोक होते. टॉमस स्टॅनिफोर्थ हा त्यांतला एक. त्याचे १७६९ चे व्यक्तिचित्र आज टेट गॅलरीत आहे. नीटनेटका कोट, शांत चेहरा. चित्रात पाप दिसत नाही. ज्या हाताने काकाकुव्याची तडफड रंगवली त्याच हाताने, त्याच काळात, हे चेहरे रंगवले. हिशोबाच्या वहीत दोन्ही प्रकारचे पैसे एकाच शाईने मांडलेले असणार. त्याच्या चरित्रातला हा भाग गाळून पुढे जाणे आम्हांला योग्य वाटत नाही.

१७७१ मध्ये त्याने किमयागाराचे चित्र काढले. हाम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने १६६९ मध्ये परीस शोधता शोधता मूत्र आटवून फॉस्फरस मिळवला, ती गोष्ट. कमानींची जुनी अंधारी खोली, गुडघे टेकलेला म्हातारा आणि त्याच्यासमोर भांड्यातून उसळणारा पांढराशुभ्र उजेड. रसायनशास्त्र म्हणून त्यात अतिशयोक्ती आहे. फॉस्फरसची चमक फिकट हिरवट असते, खोली उजळून टाकणारी नसते. पण सोने शोधायला निघालेल्याला भलतेच काहीतरी सापडते, तो क्षण त्यात आहे. हे चित्र त्या वेळी विकलेच गेले नाही. राइटने ते इटलीलाही बरोबर नेले आणि परत आणले. १७९५ मध्ये त्यावर पुन्हा हात फिरवला.

इटलीला तो लग्नानंतर, १७७३ मध्ये गेला आणि १७७५ मध्ये परतला. नेपल्सला त्याने व्हेसुव्हियस ज्वालामुखी पाहिला आणि भावाला पत्रात लिहिले की आपला मित्र जॉन व्हाइटहर्स्ट इथे बरोबर असायला हवा होता. व्हाइटहर्स्ट हा डर्बीचा घड्याळजी. खाणींतले खडकांचे थर पाहून त्याने पृथ्वीच्या घडणीवर १७७८ मध्ये पुस्तक लिहिले. डर्बीशरमधला 'टोडस्टोन' नावाचा काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा आहे, असे त्याने ओळखले होते. आपल्या दख्खनच्या काळ्या पत्थरावर राहणाऱ्यांना या तर्काचे मोल वेगळे सांगायला नको. राइटने पुढे त्याचे व्यक्तिचित्र काढले, त्यात तो कागदावर खडकांच्या थरांची आकृती काढतो आहे आणि खिडकीबाहेर दूरवर डोंगरातून धूर निघतो आहे.

इटलीहून आल्यावर राइटने बाथ या शहरात दुकान मांडले. गेन्सबरो तिथून लंडनला गेला होता. त्याची जागा मिळेल अशी आशा होती. मिळाली नाही. १७७७ मध्ये तो डर्बीला परतला तो कायमचा. रॉयल अकादमीशी त्याचे जमले नाही. १७८४ मध्ये पूर्ण सदस्यत्व मिळाले तेव्हा त्याने ते नाकारले, आणि पुढच्या वर्षी लंडनला आपल्या एकट्याच्या चित्रांचे प्रदर्शन भरवले.

या सगळ्याच्या मागे एक दुखणे होते. राइटला दमा होता, आणि त्याबरोबर महिनोन् महिने टिकणारी उदासी. कामाला हात लावता येत नाही अशी तक्रार त्याच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येते. त्याचा डॉक्टर होता इरॅस्मस डार्विन, चार्ल्स डार्विनचा आजोबा. त्याचेही व्यक्तिचित्र राइटने १७७० मध्ये काढले आहे : हातांची घडी घातलेला धिप्पाड माणूस. कोंडलेला श्वास रंगवणारा चित्रकार पुढे स्वतः श्वासासाठी झगडत राहिला. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही काढू नये. पण डर्बीहून परतताना आमच्या मनातून तो जात नव्हता.

डार्विन, व्हाइटहर्स्ट आणि कुंभारकामाचा कारखानदार जोसाया वेजवुड हे तिघेही 'लूनर सोसायटी'चे सभासद. राइट सभासद नव्हता, पण त्याची ऊठबस याच मंडळींत होती. वेजवुडसाठी त्याने १७८४ च्या सुमारास एक ग्रीक कथा रंगवली : प्रियकर दूर देशी निघाला आहे, तो झोपलेला असताना मुलगी दिव्याच्या उजेडात भिंतीवर पडलेल्या त्याच्या सावलीची कड रेखून घेते. चित्रकलेचा जन्म असा झाला म्हणे. आणखी अठरा वर्षांनी, १८०२ मध्ये, वेजवुडच्याच मुलाने, टॉमसने, हम्फ्री डेव्हीबरोबर एक निबंध छापला. सिल्व्हर नायट्रेट लावलेल्या कागदावर सावली पडू दिली की तिचा ठसा उमटतो, हे त्यात होते. ठसा टिकवण्याची युक्ती त्यांना सापडली नाही. उजेडात बघायला काढला की काळा पडे. पण व्यक्तिचित्रकारांचा धंदा ज्याने पुढे बुडवला, त्याची सुरुवात इथे झाली.

राइटच्या उत्तरायुष्यातले सर्वांत बोलके व्यक्तिचित्र रिचर्ड आर्कराइटचे आहे (१७८९-९०). मूळचा न्हावी आणि केसांचे टोप विकणारा हा माणूस पाण्यावर चालणाऱ्या सूतकताई यंत्राचे पेटंट १७६९ मध्ये घेतो, १७७१ मध्ये डर्बीजवळ क्रॉमफर्डला गिरणी सुरू करतो आणि अमाप श्रीमंत होतो. चित्रात तो पोट पुढे काढून खुर्चीत ऐसपैस बसला आहे. शेजारी टेबलावर सूत ओढणाऱ्या रुळांचा जोड आहे. सरदार लोक व्यक्तिचित्रात कुत्रा किंवा तलवार ठेवून घेत. याने यंत्र ठेवले. त्याच गिरणीचे रात्रीचे दृश्यही राइटने रंगवले : डोंगरात चांदणे, आणि दरीत एका उंच इमारतीच्या सगळ्या खिडक्या पेटलेल्या. फार सुंदर चित्र आहे. खिडक्या पेटलेल्या आहेत कारण आत रात्रपाळी चालू आहे. क्रॉमफर्डच्या कामगारांत सात-आठ वर्षांची मुले होती. हातमागाच्या देशाला या यंत्रांनी काय केले ते आपण इतिहासात शिकवतोच; ती यंत्रे पुढे मुंबईत आली, आणि १८५६ मध्ये ताडदेवला कावसजी दावरांच्या गिरणीचा भोंगा वाजला.

राइटची पत्नी १७९० मध्ये वारली. त्यानंतर प्रकृती ढासळतच गेली. २९ ऑगस्ट १७९७ ला तो डर्बीत मरण पावला. ज्या चर्चच्या आवारात त्याला पुरले ते चर्च १९६० च्या दशकात रस्त्यासाठी पाडण्यात आले आणि त्याचे अवशेष दुसऱ्या दफनभूमीत हलवावे लागले.

गेल्या वर्षी एका शाळेत सातवीच्या वर्गाला आम्ही हवा-पंपाच्या चित्राची मोठी छापील प्रत दाखवली आणि विचारले, पक्षी वाचेल की मरेल? मते निम्मी निम्मी पडली. मग एक मुलगी उठून चित्राजवळ गेली आणि खिडकीतल्या मुलाच्या हातातली दोरी बराच वेळ पाहत राहिली. म्हणाली, "तो पिंजरा खाली आणतोय की वर नेतोय? खाली आणत असला तर पक्षी परत ठेवायचाय. वर नेत असला तर आता लागणार नाहीये." आम्ही दोरीकडे पाहिले. सगळा वर्ग उठून पुढे आला. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी जागेवर जायला तयार नव्हते, आणि दोरीवरून काही ठरत नव्हते.